ईर्ष्येचा खर्च

आमच्या कचेरीत वकिलीचे धडे गिरविणारे दोन तरुण आहेत. दोघेही अभ्यासू, दोघेही कष्टाळू. परंतु सोमवारी सकाळी त्यांच्या हाती दाव्याचा कागद देण्यात अर्थ नसतो, हे आम्हांस आता अनुभवाने कळून चुकले आहे. आदल्या रात्री स्पेन देशात कोणता सामना झाला आणि त्याचा निकाल काय लागला, यावर त्या दिवसाची कचेरीतील शांतता अवलंबून असते. एक रेआल माद्रिदचा कैवारी, दुसरा बार्सेलोनाचा. दोघांपैकी एकानेही स्पेन पाहिलेला नाही. तथापि त्या दोन क्लबांच्या गेल्या वीस वर्षांच्या इतिहासाचा त्यांचा व्यासंग इतका दांडगा आहे, की दिवाणी प्रक्रिया संहितेचा त्याच्या निम्मा असता तर आम्ही निश्चिंत झालो असतो.

परवा त्यांच्या वादाने निराळे वळण घेतले. कोणाचा खेळ श्रेष्ठ, हा प्रश्न बाजूला राहिला आणि परक्या क्लबांचे खेळाडू विकत घेण्यात अधिक पैसा कोणी उधळला, यावर खडाजंगी जुंपली. दोघांनीही आकड्यांच्या याद्या तयार केल्या, आणि अखेर त्या आमच्या टेबलावर ठेवून माद्रिदवाला म्हणाला, "सर, आता तुम्हीच निवाडा द्या."

प्रथम आम्हांस हसू आले. नंतर याद्या वाचल्या आणि हसू मावळले. दोन्ही याद्यांतले आकडे बहुतांशी खरे होते, आणि तरीही निष्कर्ष एकमेकांच्या पुरते उलट होते. दोन्ही साक्षीदार खरे बोलत असताना निकाल परस्परविरुद्ध निघावा, असे न्यायालयात घडले म्हणजे जाणता न्यायाधीश एवढेच पाहतो, की प्रत्येकाने आपली गोष्ट कोठून सांगावयास आरंभ केला. येथेही तेच होते. बार्सेलोनावाल्याने हिशेब २००० सालापासून मांडला होता. त्या वर्षी माद्रिदने लुईस फिगोसाठी सुमारे ६ कोटी युरो मोजले. पुढल्याच वर्षी झिदानसाठी ७ कोटी ७५ लाख. २००९ साली क्रिस्तियानो रोनाल्दोसाठी सुमारे ९ कोटी ४० लाख. आणि २०१३ साली गॅरेथ बेलसाठी १० कोटींहून अधिक. यांतील प्रत्येक रक्कम त्या त्या काळी जगातील उच्चांक होती. उलट माद्रिदवाल्याची यादी २०१७ साली सुरू होत होती, व त्या यादीत बार्सेलोनाने अडीच वर्षांच्या आत तीन खेळाडूंवर केलेला ३४ कोटी ५० लाखांचा मूळ खर्च होता. याहून मागे जाऊन १९७३ पासून मोजावे, तर क्रॉयफ, १९८२ साली मॅराडोना आणि १९९६ साली ब्राझीलचा रोनाल्दो, असे तीन वेळा जगातील उच्चांकी मोल बार्सेलोनानेच दिलेले आढळते. मुदतीचा आरंभ कोठून धरावयाचा, हे ज्याच्या हाती त्याच्या हाती निकाल, ही गोष्ट वकिलाला नव्याने सांगावयास नको.

बार्सेलोनाच्या पक्षाची एक जुनी कैफियत आहे, तिचा विचार प्रथम केला पाहिजे. 'ते विकत घेतात, आम्ही घडवितो,' असे तो पक्ष म्हणतो. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. १९७९ साली त्या क्लबाने ला मासिया नावाच्या जुन्या शेतघरात बाहेरगावच्या होतकरू मुलांसाठी वसतिगृह उघडले. २०१० साली जगातील सर्वोत्तम खेळाडूच्या पारितोषिकासाठी जे अखेरचे तिघे उरले, ते मेस्सी, इनिएस्ता आणि झावी, तिघेही याच शाळेचे. २०१२ च्या नोव्हेंबरात लेव्हान्तेविरुद्धच्या सामन्यात तर एक तासाहून अधिक वेळ मैदानावरचे अकराही खेळाडू ला मासियाचे होते. कोणत्याही संस्थेने अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु घडविण्याचा अभिमान बाळगणाऱ्याने विकत घेण्याचा मोह जिंकलेला असतो, हे अनुमान त्यातून निघत नाही. त्याच क्लबाने त्याच काळात दोन्ही केले. स्वयंपाक उत्तम येतो म्हणून गृहस्थ खानावळीत जात नाही, असे थोडेच आहे?

या दोन क्लबांचे वैर पैशाच्या भाषेत कसे बोलू लागले, हे समजून घ्यावयाचे तर १९५३ सालची एक हकीकत पाहावी. आम्हां कायदेवाल्यांना ती विशेष रुचेल. आल्फ्रेदो दी स्तेफानो हा अर्जेंटिनाचा खेळाडू. तो मूळचा रिव्हर प्लेट क्लबाचा. पण १९४९ साली तो कोलंबियातील मिलोनारिओस क्लबाकडे निघून गेला. कोलंबियाची ती स्पर्धा तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिस्तीबाहेरची होती. पुढे तडजोड झाली, आणि खेळाडूंनी १९५४ पर्यंत कोलंबियात खेळावे, नंतर मूळ क्लबाकडे परतावे असे ठरले. झाले असे, की बार्सेलोनाने रिव्हर प्लेटकडून हक्क घेतला, माद्रिदने मिलोनारिओसकडून घेतला. एकाने पुढला हक्क विकत घेतला, दुसऱ्याने चालू ताबा. आता स्पेनमधील संघटनेने जो निवाडा दिला तो असा: चार वर्षांपैकी पहिले व तिसरे वर्ष या खेळाडूने माद्रिदकडून खेळावे, दुसरे व चौथे बार्सेलोनाकडून!

समाईक विहिरीचे पाणी पाळीपाळीने घेण्याचे हुकूमनामे आम्ही पाहिले आहेत. जित्याजागत्या माणसाच्या पाळ्या लावणारा हा एकच. बार्सेलोनाने चिडून आपला हिस्सा सोडून दिला. थोड्याच दिवसांनी, ऑक्टोबर महिन्यात, दी स्तेफानोसह खेळणाऱ्या माद्रिदने त्याच बार्सेलोनाचा ५-० असा पराभव केला, आणि १९५६ ते १९६० या पाचही वर्षी युरोपचा चषक माद्रिदला गेला. या निवाड्यामागे जनरल फ्रँकोच्या राजवटीचा हात होता, असे कातालान लोक आजही म्हणतात. माद्रिदकर ते साफ नाकारतात. त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे, की त्या दिवसापासून या दोन संस्थांच्या व्यवहारात खेळाडूचे मोल केवळ त्याच्या खेळावरून ठरेनासे झाले. तो प्रतिस्पर्ध्याला मिळाला नाही, या समाधानाचेही मोल त्यात मिसळले.

हे मिश्रण किती महाग पडते, ते २००० साली उघड झाले. माद्रिदच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. पदावर असलेले लोरेन्सो सान्स यांच्या कारकीर्दीत क्लबाने तीन वर्षांत दोनदा युरोपचा चषक जिंकला होता. त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले फ्लोरेन्तिनो पेरेझ हे बांधकाम व्यवसायातील गृहस्थ. त्यांनी सभासदांना एकच वचन दिले: बार्सेलोनाचा फिगो मी आणीन, न आणल्यास तुमची वर्षाची वर्गणी मी भरीन. सभासदांनी दोन चषक आणणाऱ्यास घरी पाठविले आणि शेजाऱ्याचा मोती आणणाऱ्यास निवडून दिले. फिगो गुणी खेळाडू होता यात शंका नाही. परंतु ते ६ कोटी सगळेच्या सगळे त्याच्या गुणांसाठी होते असे आम्हांस वाटत नाही. त्यांतील काही भाग बार्सेलोनाच्या घरी रडारड व्हावी यासाठी होता, आणि ती झालीही. दोन वर्षांनी फिगो तेथे खेळावयास गेला, तेव्हा प्रेक्षकांतून त्याच्या दिशेने डुकराचे मुंडके येऊन पडले.

माणसाला मोल लावणे हेच मुळात निंद्य नव्हे काय, असा आक्षेप काही सज्जन घेतील. एके काळी त्यात मोठे सत्य होते. इंग्लंडात करार संपला तरी जुना क्लब खेळाडूला अडवून ठेवू शकत असे. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या दाव्यात १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ती पद्धत धंद्यावरील गैरवाजवी निर्बंध ठरविली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडलेल्या विल्यम विल्बरफोर्स यांचे ते वंशज, हा योगायोग मनोरम आहे. पुढे १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बोस्मान याच्या खटल्यात करार संपलेला खेळाडू मुक्त असल्याचे ठरविले. म्हणजे आज क्लब एकमेकांना जे देतात ते माणसाचे मोल नसून अपुऱ्या राहिलेल्या कराराचे मोल होय. स्पेनमध्ये तर १९८५ च्या राजाज्ञेने खेळाडूला स्वतःच भरपाई भरून करारातून सुटण्याचा मार्ग दिला. २०१७ साली नेमार बार्सेलोना सोडून पॅरिसला गेला तेव्हा कागदोपत्री त्याच्याच वकिलांनी २२ कोटी २० लाख युरो क्लबाकडे जमा केले. पैसा अर्थातच दुसऱ्याचा. एकूण, या व्यवहारात दया यावी असा पक्षकार आता खेळाडू उरलेला नाही.

मग तो कोण? आमच्या मते तो क्लबाचा सभासद आहे. आणि त्याहूनही, जो अद्याप सभासद झालेला नाही तो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इंग्लंडातील मोठे क्लब धनिकांच्या मालकीचे आहेत. त्यांनी स्वतःचे पैसे उधळले तर तो त्यांचा प्रश्न. माद्रिद आणि बार्सेलोना यांना मालक नाही. १९९० च्या कायद्याने स्पेनमधील बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपन्या होणे भाग पडले. ज्या चौघांना सूट मिळाली त्यांत हे दोन होते. दोघांचेही धनी त्यांचे वर्गणीदार सभासद. बार्सेलोनाचे सव्वा लाखाहून अधिक. अध्यक्ष हा निवडून आलेला कारभारी. आमच्याकडे महाजनांच्या सर्वसाधारण सभेला बसलेल्या कोणासही हे चित्र परके वाटणार नाही. मिळकत संस्थेची, सही कारभाऱ्याची, आणि हिशेब विचारणारा बहुधा एकटा.

हिशेब विचारणाऱ्या अशा एकट्याची कथा २०१३ साली घडली. नेमारला आणले तेव्हा बार्सेलोनाच्या मंडळाने खर्च ५ कोटी ७१ लाख सांगितला. क्लबाच्याच एका सामान्य सभासदाने न्यायालयात फिर्याद केली, आणि जानेवारी २०१४ मध्ये अध्यक्ष सांद्रो रोसेल पायउतार झाले. पाठोपाठ मंडळाने कबूल केले, की सर्व करार मिळून आकडा ८ कोटी ६२ लाखांवर जातो. २०१६ साली कराच्या प्रकरणी क्लबाला ५५ लाखांचा दंड मान्य करावा लागला. यावर माद्रिदवाल्याने खुशाल हसावे. पण त्याच २०१३ साली माद्रिदने बेलची किंमत ९ कोटी १० लाख असल्याचे भासविले, आणि तीन वर्षांनी बाहेर आलेल्या कागदांत ती १० कोटींच्या वर निघाली. पहिल्याने लपविले ते सभासदांपासून व करखात्यापासून. दुसऱ्याने, असे सांगतात, आपल्याच रोनाल्दोचा मान दुखावू नये म्हणून. एकाच वर्षी दोन्ही घरच्या वह्यांत खोटे आकडे! आमच्या दोन तरुणांच्या याद्यांत हे दोन्ही आकडे होते, आणि प्रत्येकाने स्वपक्षाचा जाहीर आकडा व परपक्षाचा उघडकीस आलेला आकडा घेतला होता.

नेमारचे २२ कोटी हाती आले आणि बार्सेलोनाच्या कारभाऱ्यांची मती फिरली. गावात ज्याने नुकतीच जमीन विकली त्याला प्रत्येक दुकानात चढा भाव सांगतात. देम्बेलेसाठी साडेदहा कोटी, कुटिन्योसाठी १२ कोटी, २०१९ मध्ये ग्रीझमनसाठी १२ कोटी. आणि पहिल्या दोघांसाठी पुढे वाढत जाणाऱ्या रकमा निराळ्या. कुटिन्यो तेथे रमला नाही. त्याला जर्मनीच्या बायर्न क्लबाकडे उसना दिला. ऑगस्ट २०२० मध्ये लिस्बन येथे बायर्नने बार्सेलोनाचा ८-२ असा धुव्वा उडविला. त्या आठांतील अखेरचे दोन गोल कुटिन्योचे होते. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या माणसाने, स्वतःच पगार ठरविलेल्या माणसाने, आपल्याच जाळ्यात दोन चेंडू मारावेत! दैवालाही कधीकधी विनोदबुद्धी असते. पुढे २०२२ साली तो सुमारे २ कोटींस विकला गेला.

ऑगस्ट २०२१ मध्ये नवे अध्यक्ष जोआन लापोर्ता यांनी जाहीर केले, की क्लबावर १३५ कोटी युरोंचे देणे असून केवळ पगारच उत्पन्नाच्या १०३ टक्के झाला आहे. साथीच्या वर्षांनी घाव घातला हे खरे, पण घर आधीच पोखरलेले होते. त्याच महिन्यात मेस्सी रडत रडत बाहेर पडला. तेराव्या वर्षी अर्जेंटिनातून आलेला हा मुलगा. त्याच्या उपचारांचा खर्च क्लबाने केला होता, आणि २००० सालच्या डिसेंबरात त्याचा पहिला करार एका कागदी हातरुमालावर लिहिला गेला होता. तो हातरुमाल २०२४ साली लंडनच्या लिलावघराने ७ लाख ६२ हजार ४०० पौंडांस विकला. खेळाडू मात्र एक छदामही न मिळता गेला.

आणि आता आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर गोष्ट. २०२२ च्या उन्हाळ्यात बार्सेलोनाने, सभेची रीतसर मंजुरी घेऊन, लीगच्या प्रक्षेपणातून आपणास मिळणाऱ्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा पंचवीस वर्षांसाठी एका अमेरिकन गुंतवणूक संस्थेस विकला. त्या पैशातून तोटा भरून निघाला, आणि त्याच उन्हाळ्यात लेवान्डोव्स्की, राफिन्या व कूंदे यांच्यासाठी सुमारे १५ कोटी मोजण्यात आले.

आमच्या हिंदू कायद्यात या प्रश्नावर फार जुना विचार आहे. १८५६ साली हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात, अज्ञान मुलाच्या आईने गहाण टाकलेल्या जमिनीसंबंधी प्रिव्ही कौन्सिलने तत्त्व घालून दिले, की दुसऱ्याच्या मिळकतीच्या कारभाऱ्याचा ती गुंतविण्याचा अधिकार मर्यादित आहे. निकड असेल, धोका टळणार असेल, किंवा मिळकतीचे हित होणार असेल, तरच तो वापरावा. १८७५ साली हेच तत्त्व देवाच्या मिळकतीच्या शेबायताला लागू झाले. मूर्तीला जसा आवाज नाही, तसाच न जन्मलेल्या सभासदाला नाही. म्हणून दोघांच्या वतीने कायदा कारभाऱ्याला विचारतो: निकड कोणती?

लापोर्तांचे वकीलपत्र आमच्याकडे असते तर आम्ही म्हटले असते, की निकड खरीच होती. घर जळत असताना दागिना गहाण टाकणे हा अपराध नव्हे. आणि या म्हणण्याला बळ आहे, कारण २०२३ साली क्लबाने लीग जिंकली. विरुद्ध बाजूने उभे राहिलो असतो तर विचारले असते, की आग विझविण्यासाठी विकलेल्या दागिन्याच्या पैशात नवी वस्त्रे का आली? शेजारी माद्रिद नसते तर ती आली असती काय? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे असे आम्हांस वाटते. निकड आणि ईर्ष्या एकाच दारातून आल्या, आणि पहारेकऱ्याने दोघींनाही निकड समजून आत घेतले.

माद्रिदचे हात यामुळे स्वच्छ ठरत नाहीत. फिगो-झिदानच्या काळात त्यांनीही शहरातील आपले सरावाचे मैदान, नगररचनेत बदल करवून घेऊन, २००१ साली विकले. आज तेथे पाच उत्तुंग इमारती उभ्या आहेत. तीही वारशाने आलेली मिळकत होती. फरक असलाच तर इतका, की जमीन एकदा गेली ती गेली, तिचा भार पुढल्यांवर दर वर्षी पडत नाही. अलीकडे ते अधिक धूर्त झाले आहेत. एम्बापेसाठी २०२१ साली ते दीडशे दशलक्षांहून अधिक, म्हणजे पंधरा कोटींच्या वर, द्यावयास तयार होते. ते नाकारले गेले, आणि २०२४ मध्ये करार संपल्यावर तोच खेळाडू शून्य रकमेस आला. आमच्या माद्रिदवाल्याच्या यादीत त्याच्या नावापुढे अभिमानाने शून्य लिहिले होते. परंतु असा खेळाडू सही करताना जी रक्कम घेतो व जो पगार मागतो, तो कोणत्या रकान्यात? हुंडा घेतला नाही म्हणून सांगणाऱ्या वरपक्षाच्या घरी नवी मोटार कोठून आली, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही, तसेच हे.

कायद्याने यावर एक लगाम ठेवला होता. १९९० च्या त्या कायद्यान्वये अशा क्लबांच्या मंडळाला वार्षिक अंदाजपत्रकाच्या १५ टक्के रकमेची हमी स्वतःच्या जबाबदारीवर द्यावी लागे; २०२१ मध्ये लापोर्तांच्या मंडळाला १२ कोटी ४६ लाखांची द्यावी लागली. २०२२ च्या नव्या कायद्याने ही अट काढून टाकली. ती श्रीमंतांनाच निवडणूक लढवू देते, हा आक्षेप रास्त होता. पण कारभाऱ्याच्या खिशाला झळ लागण्याची एकमेव सोय गेली, हेही तितकेच खरे.

आम्ही हे सर्व त्या दोघांना सांगितले. बार्सेलोनावाला बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "पण सर, त्या रविवारी जो आनंद होतो, तो मिळकतीच्या हितात धरायचा की नाही?" प्रश्न चांगला होता. उत्सवाचा खर्च अनाठायी म्हणून कोणी देवस्थान बंद करीत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. आम्ही त्याला उलट विचारले, की हा आनंद आजचा, आणि विकलेले उत्पन्न २०४७ पर्यंतचे. त्या वर्षी गॅलरीत बसणाऱ्याने काय म्हणावे? तो मनात वर्षे मोजू लागला. २०४७ साली तो आमच्या आजच्या वयाचा असेल.

माद्रिदवाल्याने मध्येच विचारले, "मग निवाडा काय, सर?" आम्ही दोन्ही याद्या त्यांना परत केल्या, एकाच तारखेपासून आणि एकाच पद्धतीने पुन्हा मांडून आणा म्हणून सांगितले, आणि मुदत दिली. अजून कोणी आणलेल्या नाहीत.